बोंडातला इंचभर धागा

कापसाचं फूल उमलतं त्याच दिवशी त्याच्या पोटातल्या कोवळ्या बियांवर केस फुटू लागतात. एका बीवर हजारो केस आणि प्रत्येक केस म्हणजे एकच पेशी. पेशी डोळ्यांना दिसत नाही एवढी बारीक असते, असं आपण शाळेत शिकतो. ही मात्र तीनेक आठवडे लांबतच राहते, पाऊण-एक इंचाची होते, काही जातींत त्याहूनही मोठी. मग लांबणं थांबतं आणि आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढू लागतात. फुलापासून दीड-दोन महिन्यांनी बोंड फुटतं, तंतूतलं पाणी उडून जातं आणि आतून पोकळ असलेली ती नळी चपटी होऊन स्वतःभोवती पिळली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली हे पीळ स्पष्ट दिसतात. या पिळांमुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो आणि त्यांचं सूत होतं. सावरीचा कापूसही मऊ असतो, पण त्याचा तंतू गुळगुळीत, बिनपिळाचा. म्हणून तो उशीत आणि गादीत जातो, चरख्यावर टिकत नाही.

वनस्पतींनी माणसाचं जगणं कसं घडवलं हे सांगताना गहू, भात, ऊस, चहा यांची नावं आधी घेतली जातात. मला कापसाबद्दल लिहायचं आहे आणि त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल: धाग्याच्या लांबीबद्दल. आपल्या देशी कापसाचा धागा साधारण २० ते २२ मिलिमीटरांचा, अमेरिकन कापसाचा २५ ते ३० आणि त्याच्याही पुढे. हा फरक करंगळीच्या नखाएवढा. पण गेल्या अडीचशे वर्षांत मुंबईत आणि वऱ्हाडात जे घडलं, त्यातलं बरंचसं या फरकाभोवती फिरत आलं आहे.

कापूस माणसाने एकदा नव्हे, चार वेळा माणसाळवला. आशिया-आफ्रिकेत दोन जाती आणि अमेरिका खंडात दोन, एकमेकांचा पत्ता नसताना. अमेरिकेतल्या दोन्ही जातींचं मूळ विलक्षण आहे. माणूस जन्माला येण्याच्याही खूप आधी, दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, जुन्या जगातल्या कापसाच्या एका नातलगाचा आणि अमेरिकेतल्या रानटी कापसाचा संकर निसर्गातच झाला. दोघांचीही सगळी गुणसूत्रं त्या संकरात शाबूत राहिली. त्यामुळे अमेरिकन कापसात गुणसूत्रांच्या २६ जोड्या आहेत, देशी कापसात १३. लांब धाग्याचं बीज त्या दुप्पट झालेल्या संचात आहे आणि देशी व अमेरिकन यांचा साधा संकर करायला गेलं की संतती बहुधा वांझ निघते, त्याचं कारणही तेच.

आपल्या बाजूचा कापूस फार जुना. बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे सापडलेल्या एका तांब्याच्या मण्यात कापसाच्या धाग्याचे अवशेष टिकून होते, सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाहून, म्हणजे तेव्हाच्या तगरहून, साधं कापड आणि मलमल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. वाटेत पैठण. गाड्या दख्खनच्या काळ्या जमिनीतून जात आणि त्याच जमिनीत हा कापूस पिकत असे.

ती जमीन आणि देशी पऱ्हाटी, म्हणजे देशी कापसाचं झाड, यांचं नातं नीट पाहण्यासारखं आहे. बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. देशी पऱ्हाटीचं सोटमूळ खोल जातं. पाऊस सप्टेंबरअखेर गेला तरी खालच्या ओलीवर झाड दिवाळीपर्यंत आणि पुढेही तग धरतं. रसशोषक किडींचा त्रास तिला कमी, पाणी कमी लागतं, खत नाही दिलं तरी काहीतरी हाती येतं. ही सगळी तडजोड शेकडो पिढ्यांच्या निवडीतून झाली आहे. धागा आखूड राहिला, कारण हाताने कातणाऱ्याला तो पुरत होता. नुसता पुरत होता असंही नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल मेघना नदीकाठच्या देशी, आखूड धाग्याच्याच कापसापासून होत असे. कातणाऱ्या स्त्रिया सकाळच्या दमट हवेत बसत, कारण कोरड्या हवेत तो बारीक धागा तुटे. बोटांना ताण किती द्यायचा, कुठे सैल सोडायचं हे कळतं.

यंत्राला ते कळत नाही. १७६९ मध्ये रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात रुळांच्या जोड्या एकामागे एक बसवलेल्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरते आणि मधल्या मध्ये पेळू ताणला जाऊन बारीक होतो. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीवरून ठरवावं लागतं. तंतू त्याहून आखूड असेल तर त्याला ना मागचा रूळ धरत ना पुढचा. तो अधांतरी राहतो, सूत कुठे जाड कुठे बारीक येतं आणि तुटतं. आखूड धाग्याला जास्त पीळ द्यावा लागतो, म्हणजे यंत्र तेवढंच फिरून सूत कमी निघतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसाच्या मापाने बसवल्या गेल्या आणि त्या दिवसापासून आपला कापूस ‘हलका’ ठरला. झाडात काहीच बदललं नव्हतं. मोजणारा बदलला होता.

अमेरिकेत या लांब धाग्याची किंमत माणसांनी मोजली. तिथल्या कापसाची सरकी धाग्याला घट्ट चिकटलेली, हाताने सोडवायला अतिशय चिवट. १७९३ मध्ये एली व्हिटनीने दातेरी रुळाचं यंत्र बनवलं आणि ती अडचण दूर झाली. काम हलकं झालं की राबणाऱ्यांचे हाल कमी व्हावेत, पण उलटच घडलं. सरकी काढायला यंत्र मिळाल्यावर लागवड हवी तेवढी वाढवता येऊ लागली. पेरायला, निंदायला आणि वेचायला मात्र माणसंच लागत होती. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. त्या वर्षी अमेरिकेच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि ब्रिटनच्या गिरण्यांत येणारा तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस तिथूनच येत होता. एका वनस्पतीच्या बीवरच्या केसासाठी एवढी माणसं विकली गेली, हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो.

एकाच देशावर विसंबून राहणं इंग्रजांना धोक्याचं वाटत होतंच. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापूस-मळ्यांचे जाणकार आणले आणि हिंदुस्थानात ठिकठिकाणी अमेरिकन बियाणं पेरून पाहिलं. बहुतेक ठिकाणी प्रयोग फसला. पाऊस थांबल्यावर ही परकी झाडं उथळ मुळांवर उभी राहीनात. धारवाडच्या बाजूला तेवढं थोडं यश आलं. वऱ्हाडात शेतकऱ्याने आपली पऱ्हाटी सोडली नाही. त्याला आडमुठेपणा म्हणणारे अहवाल तेव्हा लिहिले गेले. मला तो जमिनीचा अभ्यास वाटतो.

मग एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि कालपर्यंत नाक मुरडलेल्या आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून जाणारा सगळाच कापूस तिकडे ‘सुरत’ म्हणून ओळखला जाई. लँकेशायरच्या कामगारांना तो नकोसा होता, कारण सूत सतत तुटायचं आणि मजुरी तर निघालेल्या मालावर मिळायची. पण दुसरा इलाज नव्हता. मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कंपन्या निघू लागल्या, बॅक बेची भरणी करायची म्हणून काढलेल्या शेअर्सवर लोकांनी घरदार लावलं. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीची शरणागती झाली, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा शहरातल्या पेढ्या पटापट बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे टिकली नाही. प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मात्र ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभा राहिला. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या घड्याळाकडे पाहत पळणाऱ्या मुलांना हा मनोरा कापसाच्या तेजीतला आहे, हे कुणीतरी सांगायला हवं.

वऱ्हाडातही सगळं बदललं. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कर्जापोटी ताब्यात घेतला, त्यामागे तिथल्या कापसावरची नजर होतीच. त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे, आठेकशे किलोमीटर. वाटेत पाऊस लागला की गोणी भिजत, धूळ बसे, माल कवडीमोलाचा होई. थळघाटातून गाडी जाऊ लागली १८६५ मध्ये आणि नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये, म्हणजे ज्या युद्धाने कापसाला भाव आणला ते संपता संपता आणि त्यानंतर. पण रूळ पडले ते पडलेच. जलंबहून खामगावला १८७० मध्ये फाटा काढला तो कापसासाठी. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला आणि पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावली तीही कापसासाठी. जिथे जिथे जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या तिथे तालुक्याची गावं शहरं झाली.

आता गंमत अशी, की इंग्रज अधिकारी लांब धाग्याचा आग्रह धरत असताना वऱ्हाडचा शेतकरी नेमका उलट्या दिशेला वळला. हिंगणघाटची ‘बनी’ ही देशीतल्या अत्यंत तलम जातींपैकी एक. ती मागे पडली आणि ‘जरी’ नावाचा जाडाभरडा, आखूड कापूस पसरला. जरी लवकर तयार होई, बोंडं जास्त धरे आणि शंभर किलो कापसातून रुईही जास्त निघे. व्यापारी तर लांबीला वेगळा भाव देतच नव्हता. जिनिंगमध्ये सगळ्यांचा माल एकत्र होई, सरकीची सरमिसळ होई आणि तीच सरकी पुढच्या वर्षी बियाणं म्हणून गावात परत येई. शेवटी खुद्द शेती खात्यानेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘रोझियम’ नावाची, भरपूर रुई देणारी आखूड धाग्याची जात वाटायला घेतली. जपानच्या आणि मुंबईच्या गिरण्यांना जाड सुतासाठी असा कापूस चालत होता. लँकेशायर ज्या पाव इंचावर अडून बसलं होतं, त्यावर आपल्याकडच्या गिरण्यांनी तोडगा काढला होता.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, कापसाच्या शेजारी. गिरणगावाविषयी मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आवरतो. कोकणातली आणि घाटावरची लाखो माणसं साच्यांच्या आवाजात उभी राहिली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले कित्येक परत कामावर गेलेच नाहीत. आज हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे, गाठींचे ढीग नाहीत.

शेताकडे परत येतो, कारण खरी गोष्ट तिथेच वळण घेते. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा बहुतेक गिरण्या भारतात राहिल्या आणि सिंध-पंजाबच्या कालव्यांवरचा लांब धाग्याचा कापूस पाकिस्तानात गेला. इथलं जवळजवळ सगळं क्षेत्र तेव्हा देशी कापसाखाली होतं. लांब धागा आयात करायला परकीय चलन लागणार, म्हणून अमेरिकन जातींचा विस्तार हे सरकारी धोरण झालं. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. कापसाचं संकरित बियाणं करणं फार कष्टाचं. संध्याकाळी प्रत्येक कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण त्यावर लावायचे. एवढे स्वस्त हात इथे होते, म्हणून भारतात संकरित कापूस रुजला. जगात इतर बहुतेक देश आजही साधे, सरळ वाण पेरतात. आपल्याकडे पुढे नांदेडचा ‘एनएचएच-४४’ मराठवाडा-विदर्भात गाजला आणि काही दशकांत देशी पऱ्हाटी बांधाला गेली.

धागा लांब झाला. त्याच्याबरोबर काय आलं तेही पाहू. शेतकऱ्याच्या घरातल्या सरकीचं बियाणं होईना, ते दरवर्षी विकत घ्यावं लागलं. संकरित झाडाला खत हवं, पाणी हवं; महाराष्ट्रातला कापूस तर बहुतांश कोरडवाहू. मांसल पानांवर मावा आणि तुडतुडे, बोंडांवर अळ्या. १९८० च्या दशकात नव्या कीटकनाशकांनी अळी आवरली, १९९० च्या दशकात ती त्यांना दाद देईना. थोडक्या जमिनीवरचं हे पीक देशातल्या कीटकनाशकांचा जवळपास निम्मा वाटा घेऊ लागलं. मार्च २००२ मध्ये अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि पहिली काही वर्षं फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरव्या बोंडअळीवर बीटी चाललं.

गुलाबी बोंडअळीवर ते फार काळ चाललं नाही आणि याचं कारण पुन्हा संकरात आहे. ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, आणि तिच्यात आईबापांचे गुण विखुरले जातात. काही बियांत विषाचं जनुक येतं, काहींत येत नाही. एकाच बोंडात अळीला थोडं विष, थोडं निर्विष अन्न मिळत गेलं आणि प्रतिकार अंगी बाणायला याहून सोयीची शाळा नाही. त्यात संकरित जाती सहा-सात महिने शेतात उभ्या, वर फरदड, म्हणजे तीच झाडं राखून पुन्हा कापूस, घेण्याची सवय. कापसाशिवाय फारसं काही न खाणाऱ्या या अळीला वर्षभर ताट वाढलेलं राहिलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत अळी, अशी स्थिती होती. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात माणसाच्या उंचीच्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही माणसं लांब धाग्यामुळे मेली, असं म्हणणं सोपं होईल आणि खोटंही. पण ज्या झाडाला एवढी फवारणी लागते ते झाड या जमिनीत कसं आणि कुणासाठी आलं, हे विचारल्याशिवाय त्या मृत्यूंचा हिशोब लागत नाही.

वेचणीच्या दिवसांत विदर्भातल्या एखाद्या शेतात उभं राहावं. पहिल्या वेचणीला काही घरांत अजून सीतादही करतात, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. मग बाया कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. दोन्ही हात चालतात, एकेका बोंडातून तीन-चार बोटांनी कापूस उपसायचा, वाळलेल्या टरफलांची टोकं नखांच्या कडेला टोचतात आणि दुपारपर्यंत बोटं चरचरू लागतात. मजुरी किलोवर. घरी आणलेला कापूस भावाची वाट पाहत खोलीत रचून ठेवतात. महिने गेले की त्याच्या लवेने आणि बारीक किड्यांनी घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो, बाकी बहुतांश सरकी. तिचं तेल निघतं आणि पेंड जनावरांना जाते. जिनिंगच्या आवारात व्यापारी मूठभर रुई उचलतो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, तुटलेला भाग दुसऱ्यावर ठेवून पुन्हा ओढतो. चार-सहा वेळा असं केलं की तंतू समांतर होऊन एक सपाट चिमूट राहते आणि तिच्याकडे पाहून तो लांबी सांगतो. आता यंत्रंही आहेत, पण जाणत्याचा अंदाज सहसा फारसा चुकत नाही. सरकारी हमीभावही लांबीवरच जातो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११०.

देशात कापसाचं सर्वांत मोठं क्षेत्र महाराष्ट्रात आहे आणि हेक्टरी उत्पादन जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून गेल्या काही वर्षांत उलटी वाट शोधणं सुरू आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ कमी दिवसांचे वाण दाटीने लावायला सांगतात, म्हणजे पाऊस संपता संपता पीक निघावं आणि गुलाबी अळीला बोंड मिळण्याआधी शेत मोकळं व्हावं. परभणीच्या विद्यापीठाने तर मूळ दुखण्यालाच हात घातला. दशकांच्या निवडीतून आणि संकरांतून तिथे ‘पीए-२५५’, ‘पीए-४०२’ यांसारखे देशी वाण तयार झाले, ज्यांचा धागा अमेरिकन कापसाच्या तोडीचा लांब आहे. सरळ वाण असल्याने सरकी घरची ठेवता येते. रसशोषक किडींना ते पुरून उरतात आणि पाण्याचा खंड सोसतात. आर्कराइटच्या रुळांनी जो दोष काढला होता, तो या झाडात उरलेला नाही.

तरी हे वाण पसरत नाहीत, आणि त्याची कारणं साधी आहेत. देशीचं बोंड लहान, दोन-तीन ग्रॅमांचं. अमेरिकनचं त्याच्या दीडपट-दुप्पट. किलोवर मजुरी घेणारी बाई आधी मोठ्या बोंडाच्या शेतात जाते, आणि तिने का जाऊ नये? शिवाय देशीचं बोंड फुटलं की कापूस खाली लोंबतो, वाऱ्याने गळून मातीत पडतो, म्हणून लवकर लवकर वेचावा लागतो. बियाणं जागोजाग मिळत नाही. आणि जिनिंगच्या आवारात सगळा माल अजूनही एकाच ढिगात पडतो, जसा दीडशे वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या बनीचा पडत होता. परभणीचा २८ मिलिमीटरांचा देशी धागा वेगळा घेतला, वेगळा जिन केला आणि त्याला त्याच्या लांबीचा भाव दिला, तर शेतकऱ्याला त्याच्याकडे वळायला कुणी सांगावं लागणार नाही. तोपर्यंत बोंडाचं वजन कसं वाढवायचं आणि कापूस बोंडातच कसा धरून ठेवायचा, हे काम तिथल्या संशोधकांच्या पुढ्यात आहे.